दोन बुकिंगांमधला रस्ता: फिरत्या कार वॉशसाठी वेब अ‍ॅप बांधताना

फिरत्या कार वॉशचे मालक माझ्याकडे काम घेऊन आले तेव्हा त्यांच्याकडे चार व्हॅन होत्या, आठ माणसं होती आणि एक जाड वही होती. ग्राहकाचा फोन आला की ते वहीत नाव, गाडी आणि पत्ता लिहायचे, मनातल्या मनात काहीतरी हिशोब करायचे आणि विचारायचे, "अकराला चालेल?" गाडी जिथे उभी असेल तिथे जाऊन धुऊन देण्याचा हा धंदा. व्हॅनमध्ये पाण्याची टाकी, बॅटरी, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम आणि मायक्रोफायबर कापडांचा ढीग. धंदा वाढला तसे फोनही वाढले आणि मालकांचा अर्धा दिवस फोन उचलण्यातच जायला लागला. त्यांची मागणी साधी होती: ग्राहकाने वेब अ‍ॅपवर स्वतः वेळ घ्यावी, पैसे तिथेच भरावेत आणि पोरांना मोबाइलवर दिवसभराच्या कामांची यादी दिसावी.

बुकिंगची अ‍ॅप मी आधी केलेली होती. दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, सलूनच्या खुर्च्या, बैठकीच्या खोल्या. म्हणून हे कामही त्याच जातीचं आहे असं मी धरून चाललो. ते चुकलं. कुठे चुकलं आणि त्यापायी आम्हाला काय काय बदलावं लागलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. फिरत्या सेवेचं अ‍ॅप बांधायला घेणारा जवळजवळ प्रत्येक जण याच जागी अडखळतो, असं मला वाटतं.

पहिली आवृत्ती

पहिल्या आवृत्तीत सकाळी ८ ते संध्याकाळी ६ असे एकेक तासाचे स्लॉट होते. व्हॅन चार, म्हणजे एका स्लॉटमध्ये चार बुकिंग. ग्राहक आधी सेवा निवडायचा, मग गाडीचा प्रकार, मग वेळ आणि सगळ्यात शेवटी पत्ता. ऑनलाइन दुकानात पत्ता शेवटी विचारतात, तसाच मीही शेवटी ठेवला.

पहिली अडचण आली ती जुनी आणि ओळखीची होती. १० च्या स्लॉटमध्ये एकच जागा उरलेली, आणि दोन जणांनी जवळजवळ एकाच क्षणी बटण दाबलं. दोघांच्याही वतीने अ‍ॅपने डेटाबेसला विचारलं, "जागा आहे का?" दोघांनाही "आहे" असं उत्तर मिळालं आणि दोघांच्याही नोंदी झाल्या. आधी विचारायचं आणि मग लिहायचं, या दोन कृतींमध्ये जी फट राहते ती कोड कितीही नीट लिहिला तरी बुजत नाही. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये व्यवहार (एकत्र पार पडणाऱ्या कृतींचे गट) मुळात 'रीड कमिटेड' पातळीवर, म्हणजे इतरांच्या फक्त पक्क्या झालेल्या नोंदी दिसतील अशा, चालतात आणि त्या पातळीवर ही चूक सहज होते.

यावरचा खात्रीचा इलाज डेटाबेसच्या आतच आहे. पोस्टग्रेसमध्ये ९.० पासून एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकींना धडकणाऱ्या नोंदी नाकारणारा नियम, आहे, आणि २०१२ साली आलेल्या ९.२ पासून वेळेचा पल्ला एकाच रकान्यात ठेवता येतो. त्यामुळे नियम सरळ लिहिता येतो: व्हॅन तीच असेल, वेळेचे पल्ले एकमेकांवर चढत असतील आणि बुकिंग रद्द झालेलं नसेल, तर दुसरी नोंद घेऊ नका. यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, कारण ज्या जिस्ट इंडेक्सवर (झटपट शोधासाठीच्या सूचीवर) हा नियम चालतो त्याला साध्या आकड्याची बरोबरी तपासणं मुळात येत नाही. पल्ला 'सुरुवात धरून, शेवट सोडून' असा ठेवायचा. मग १० ते ११ आणि ११ ते १२ ही बुकिंग एकमेकांना धडकत नाहीत.

इथे एका बारीक गोष्टीने माझा एक दिवस खाल्ला, म्हणून ती मुद्दाम सांगतो. ग्राहक पैसे भरत असताना त्याची वेळ दहा मिनिटं राखून ठेवायची होती. मला वाटलं, कन्स्ट्रेंटच्या अटीतच लिहू की राखीव मुदत संपली असेल तर ही नोंद धरू नका. तसं लिहिता येत नाही. अशा अटीत 'आत्ताची वेळ' वापरायला पोस्टग्रेस मनाई करतं, आणि ते रास्तच आहे. इंडेक्स एकदा बांधला की घड्याळ पुढे सरकलं म्हणून तो आपोआप बदलत नाही. शेवटी नवी नोंद लिहिण्याआधी त्याच व्यवहारात त्या व्हॅनच्या मुदत संपलेल्या राखीव नोंदी रद्द करायच्या आणि मग लिहायचं, असं ठरलं. तेव्हापासून एकाच वेळी दोघांना जागा मिळाल्याचा प्रकार झाला नाही.

चौथा दिवस

अ‍ॅप लोकांसाठी खुलं केल्यानंतरच्या चौथ्या दिवशी दोन नंबरच्या व्हॅनला १० चं एक काम होतं आणि ११ चं दुसरं. डेटाबेसच्या लेखी सगळं बरोबर. पण पहिलं काम नदीच्या अलीकडे होतं आणि दुसरं पलीकडे. नकाशावर दोन्ही ठिकाणं अगदी शेजारी दिसत होती. पूल मात्र बराच लांब होता. व्हॅन पोचेपर्यंत बारा वाजत आले. तो ग्राहक कामावर निघून गेला होता आणि गाडीही सोबत घेऊन गेला होता. पुढची तिन्ही कामं तेवढीच मागे पडली. संध्याकाळी पाच नंतर मालक एकेका ग्राहकाला फोन करून क्षमा मागत होते.

त्या रात्री ते मला एवढंच म्हणाले, "वहीत मी असं कधीच लिहिलं नसतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि ते शब्दशः खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, आज फोन तुम्हीच घ्या, मी फक्त ऐकतो. दोन तासांत जे कळलं ते आधीच्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं. ग्राहक "उद्या सकाळी जमेल का?" असं विचारायचा, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "गाडी कुठे उभी असेल?" वेळेबद्दल ते अजून अवाक्षर काढायचे नाहीत. ठिकाण कळलं की वहीत उद्याच्या पानावरून बोट फिरवायचे, त्या बाजूला कोण जातंय ते बघायचे आणि मग दोनच वेळा सुचवायचे. "साडेनऊ, नाहीतर थेट तीन." बाकीच्या वेळा रिकाम्या दिसत असूनही ते त्यांचं नाव काढत नसत.

सलूनमध्ये खुर्ची जागेवर असते आणि माणूस तिच्याकडे येतो. इथे खुर्चीच गावभर फिरते. १० ते ११ ही वेळ रिकामी आहे का, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. विचारणारा कुठून विचारतोय यावर ते ठरतं. दोन ग्राहकांनी एकाच क्षणी स्क्रीन उघडला तर दोघांना वेगवेगळ्या वेळा दिसायला हव्यात, आणि दोन्ही याद्या खऱ्या असतात. माझी तासांची जाळी म्हणूनच मुळापासून टाकून द्यावी लागली.

रस्त्याचा हिशोब

दोन ठिकाणांमधलं अंतर म्हटलं की प्रोग्रामरच्या हाताशी आधी हॅवरसाइनचं सूत्र येतं: पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरायची आणि अक्षांश-रेखांशांवरून पक्षी उडेल तसं अंतर काढायचं. काही लोक त्याला दीडने गुणतात आणि तेवढ्यावर भागवतात. सपाट, चौफेर रस्ते असलेल्या वस्तीत हे चालूनही जातं. मध्ये नदी, रेल्वेमार्ग किंवा मोठा महामार्ग आला की कोणताही ठोकळ गुणक फसतो, आणि आमची चौथ्या दिवसाची फजिती नेमकी तिथली होती. आम्ही ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन ओएसआरएम हे रस्ते काढणारं इंजिन स्वतःच्या सर्व्हरवर चालवलं. त्याला ठिकाणांची यादी दिली की प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत गाडीने किती वेळ लागेल याचा तक्ता एका मागणीत मिळतो. आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच.

त्यात चालू रहदारी धरलेली नसते. म्हणून दिवसाच्या तासांनुसार वेळ वाढवणारे गुणक लावले. पहिले गुणक मालकांनी अनुभवावरून सांगितले. पुढे व्हॅन प्रत्यक्षात किती वाजता निघाली आणि किती वाजता पोचली याच्या नोंदी जमल्या तसे आम्ही ते सुधारत गेलो. त्यांचे अंदाज नोंदींच्या बरेच जवळ निघाले.

याच टप्प्यावर आणखी एक दुपार वाया गेली. सगळ्याच ठिकाणांमधले वेळ अशक्य यायला लागले, काही तर शून्य. कारण असं की ओएसआरएमला आणि जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या नमुन्याला (२०१६ च्या आरएफसी ७९४६ या मानकाप्रमाणे) आधी रेखांश लागतो आणि मग अक्षांश. नकाशा दाखवायला आम्ही लीफलेट वापरत होतो, तिथे क्रम उलटा. आकडे अदलाबदल होऊनही प्रोग्राम तक्रार करत नाही. तो बिंदू भलत्याच मुलखात पडतो आणि इंजिन त्याला हाती असलेल्या नकाशातल्या सगळ्यात जवळच्या रस्त्याला नेऊन चिकटवतं. त्यानंतर आम्ही ठिकाण म्हणून नुसते दोन आकडे कुठेही फिरवले नाहीत. 'अक्षांश' आणि 'रेखांश' अशा नावांनिशीच ते एका फंक्शनमधून दुसऱ्यात जातात.

आता मुख्य गोष्ट. नवी मागणी आली की प्रत्येक व्हॅनच्या दिवसातली प्रत्येक फट तपासायची. समजा एक काम १०:४० ला संपतं आणि त्याच व्हॅनचं पुढचं काम १२:३० ला आहे. मध्ये ११० मिनिटं आहेत. नव्या ग्राहकापर्यंत जायला २० मिनिटं, गाडी धुवायला ५०, तिथून पुढच्या कामाला जायला २५. बेरीज ९५. म्हणजे काम बसतं आणि १५ मिनिटं हाताशी राहतात. ग्राहकाला ११:०० ते ११:१५ मधली कोणतीही सुरुवात देता येते. तोच ग्राहक गावाच्या दुसऱ्या टोकाला असता तर ३५, ५० आणि ४० मिळून १२५ झाले असते. फट तीच, पण त्याच्यासाठी ती रिकामी नाही, आणि त्याच्या स्क्रीनवर ती वेळ दिसताच कामा नये.

या गणिताचं घराणं जुनं आहे. डँट्झिग आणि रॅम्सर यांनी १९५९ साली इंधन पोचवणाऱ्या टँकरच्या फेऱ्या आखण्याचा प्रश्न मांडला, तेव्हापासून 'वाहन मार्ग आखणी' हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला. सॉलोमन यांनी १९८७ साली वेळेच्या बंधनासह मार्ग आखायच्या पद्धतींची तुलना केली, आणि मधल्या फटीत नवं काम सरकवण्याची पद्धत त्यातलीच एक. सगळा दिवस नव्याने मांडून सर्वोत्तम उत्तर काढणारी तयार साधनंही उपलब्ध आहेत. आम्ही ती मुद्दाम घेतली नाहीत. ग्राहकाला वेळ लगेच सांगायची असते आणि एकदा सांगितलेली वेळ हलवता येत नाही. मग 'सर्वोत्तम' मांडणीसाठी सकाळच्या ग्राहकाला दुपारी ढकलण्यात काही अर्थ उरत नाही. चार व्हॅन आणि दिवसाची काही डझन कामं एवढ्या पसाऱ्याला फटींची तपासणी पुरते, आणि उत्तर क्षणात येतं.

एक सूट मात्र आम्हाला होती, आणि ती कळल्यावर सगळी रचना मोकळी झाली. आपण ग्राहकाला वेळेचा शब्द दिलेला असतो, व्हॅनचा नाही. तीन नंबरची आली काय आणि एक नंबरची आली काय, त्याला फरक पडत नाही. म्हणून 'शब्द' आणि 'आखणी' असे दोन वेगळे तक्ते केले. पहिल्यात ग्राहक, ठिकाण आणि कबूल केलेली वेळ. दुसऱ्यात कोणती व्हॅन, कोणत्या क्रमाने, किती वाजता. आदल्या रात्री आखणी पुन्हा चालवून कामं व्हॅनमध्ये इकडची तिकडे करायची, शब्दाला हात लावायचा नाही. सकाळी एखादी व्हॅन बंद पडली तरी हीच वाट उपयोगी पडते.

कन्स्ट्रेंट त्याच्या जागी राहिलं, पण त्याला दोन कामांमधला प्रवास कळत नाही. त्यामुळे बुकिंग पक्कं करताना त्या व्हॅनच्या त्या दिवसाच्या नोंदीवर कुलूप लावायचं, फट पुन्हा मोजायची, मग लिहायचं आणि कुलूप सोडायचं. कन्स्ट्रेंट आता शेवटचं कुंपण म्हणून आहे.

ग्राहकाला नेमकी वेळ सांगायची की वेळेचा टप्पा, यावरून मालकांचा आणि माझा बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, लोकांना एक आकडा हवा असतो. माझं म्हणणं, दिवस पुढे सरकतो तसा उशीर साचत जातो. सकाळी पाच मिनिटं चुकली तरी संध्याकाळपर्यंत त्याची पाऊण तासाची थकबाकी होते. शेवटी सकाळच्या कामांना अर्ध्या तासाचा टप्पा आणि दुपारनंतर एक तासाचा, असं ठरलं. व्हॅन आधीच्या कामावरून निघाली की ग्राहकाला नेमका अंदाज संदेशाने जातो. हे दोघांनाही पटलं.

गाडी कुठे उभी असेल?

पत्त्याचा प्रश्न आता पहिल्या स्क्रीनवर आला. पण पत्ता आणि गाडीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्त्यावरून जागा शोधून देणारी सेवा कधी इमारतीच्या मधोमध टिंब ठेवते, कधी मागच्या रस्त्यावर, आणि फाटक तिसरीकडेच असतं. फोनचं लोकेशन घ्यावं तर ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसवरच देतो, आणि घरात बसलेल्या माणसाचं लोकेशन शेकडो मीटर चुकू शकतं. ब्राउझर त्याच्यासोबत 'अचूकता इतके मीटर' असा आकडाही देतो. बहुतेक जण तो बघतच नाहीत. आम्ही तो बघतो, आणि तो मोठा असला तर टिंब आपणहून ठेवत नाही. "नकाशावर गाडीची जागा दाखवा" असं सांगतो. टिंब व्हॅनसाठी आणि खालची मोकळी ओळ माणसासाठी. लोक तिथे लिहितात, "निळ्या फाटकातून आत, डावीकडे तिसरी."

त्याखाली मालकांच्या फोनवरून उचललेला एक प्रश्न आहे: गाडी उघड्यावर असेल, छताखाली असेल की बेसमेंटमध्ये? मी आधी तो अनावश्यक म्हणून गाळला होता. बेसमेंटच्या तोंडाशी उंचीचा आडवा दांडा असतो आणि टाकीवाली व्हॅन त्याखालून जात नाही. आत पाणी वाहून जायलाही वाट नसते. मग प्रेशर वॉशर बाहेरच राहतो आणि गाडी बादलीभर पाण्यात रिन्सलेस पद्धतीने, म्हणजे न धुवावं लागणारं द्रावण वापरून ओल्या कापडांनी पुसावी लागते. कामाची पद्धत बदलते, सामान बदलतं, लागणारा वेळ बदलतो. एका उत्तराने तीन गोष्टी ठरतात.

पाणीही हिशोबात घ्यावं लागलं. टाकी ४०० लिटरची. मोठी घ्या म्हणणं सोपं आहे, पण लिटरला एक किलो धरलं तरी नुसतं पाणीच ४०० किलो होतं, आणि व्हॅन किती वजन वाहील याला मर्यादा आहे. एका गाडीला साधारण ६० लिटर लागतं असं मालकांचं मोजमाप होतं. म्हणजे सहा गाड्यांनंतर टाकी भरायला जाणं आलंच. आम्ही प्रत्येक कामाला लिटरचा आकडा जोडला, आणि 'टाकी भरणे' हे आखणीत साध्या कामासारखंच एक काम केलं: त्याला ठिकाण आहे, वेळ लागतो आणि तिथे जायला रस्ता लागतो.

व्हॅनमधला फोन

ग्राहकाचा स्क्रीन मी घरी बसून केला. पोरांचा स्क्रीन तसा करता येणार नाही हे एव्हाना कळलं होतं, म्हणून एक दिवस व्हॅनसोबत फिरलो. हात ओले, स्क्रीनवर साबणाचे थेंब, डोक्यावर ऊन. ओलं बोट टेकवलं की स्क्रीन भलतीकडेच सरकतो. मी केलेली छोटी, देखणी बटणं तिथे निरुपयोगी होती. दुसऱ्या आवृत्तीत स्क्रीनवर एका वेळी एकच बटण आहे आणि ते खालचा तिसरा भाग व्यापतं: निघालो, पोचलो, सुरू केलं, झालं. चुकून दाबलं तर काही सेकंद "मागे घ्या" दिसतं.

बेसमेंटमध्ये नेटवर्क नसतं. पहिल्या आवृत्तीत "झालं" दाबल्यावर चक्र फिरत राहायचं. माणूस थोडं थांबायचा, फोन खिशात टाकायचा आणि पुढे निघायचा. सर्व्हरच्या लेखी ती गाडी अजून धुतलीच जात होती, आणि पुढच्या ग्राहकाला "उशीर होत आहे" असा संदेश गेला, व्हॅन त्याच्या दारात उभी असताना. आता प्रत्येक दाबणं आधी फोनमध्येच, इंडेक्स्डडीबी या ब्राउझरच्या साठ्यात, लिहिलं जातं. सोबत फोनची वेळ आणि एक एकमेव ओळखक्रमांक. नेटवर्क आलं की ते सर्व्हरकडे जातं, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर तो सोडून देतो. फोनचं घड्याळ चुकलेलं असू शकतं, म्हणून सर्व्हरला पोचल्याची वेळही वेगळी ठेवतो. पार्श्वभूमीत आपोआप पाठवण्याची सोय क्रोमच्या कुळातल्या ब्राउझरमध्ये मिळते, सफारीत नाही; त्यामुळे पान उघडताना आणि नेटवर्क परतताना पाठवून बघण्याची दुसरी वाट लागतेच.

काम सुरू करण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो घ्यायचे हा मालकांचा जुना नियम होता, कारण "हा ओरखडा तुमच्याच माणसाने पाडला" असा वाद या धंद्यात कधीतरी होतोच. फोनच्या कॅमेऱ्याचे फोटो कित्येक एमबीचे असतात. ब्राउझरमध्येच कॅनव्हासवर (चित्र काढायच्या जागेवर) पुन्हा काढून त्यांची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आणली. त्यात ओरखडा स्पष्ट दिसतो, आणि फोटोत दडलेली लोकेशनची माहितीही त्याच झटक्यात गळून जाते, जे ग्राहकाच्या दृष्टीने बरंच. फोटो आणि कामाची स्थिती वेगवेगळ्या रांगेत ठेवले. "झालं" हे काही बाइटचं असतं. ते फोटोंच्या मागे अडकायला नको.

ग्राहकांना कळवण्यासाठी वेब पुशवर, म्हणजे ब्राउझरमार्फत येणाऱ्या सूचनांवर, विसंबलो नाही. आयफोनवर ती सोय २०२३ च्या आयओएस १६.४ पासून आली खरी, पण अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवलेलं असेल तरच चालते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा गाडी धुऊन घेणारा माणूस ते करणार नाही. त्याला साधा एसएमएस जातो.

पैसे आणि पाऊस

पैशांचं थोडक्यात. काम झाल्याशिवाय पैसे कापायचे नाहीत, हा मालकांचा आग्रह. कार्डावर रक्कम राखून ठेवता येते, पण ती राखण बहुतेक वेळा आठवडाभराच्या आसपासच टिकते आणि बुकिंग तीन आठवडे पुढचं असू शकतं. म्हणून बुकिंगच्या वेळी कार्ड फक्त जपून ठेवायचं, आदल्या दिवशी रक्कम राखायची आणि काम झाल्यावर कापायची. आदल्या दिवशी राखण नाकारली गेली तर ग्राहकाला कळवायला अजून वेळ असतो. कार्डाचे आकडे आमच्या सर्व्हरला शिवतही नाहीत. ते पेमेंट कंपनीच्या चौकटीतच भरले जातात आणि पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाच्या बऱ्याच अटींचं ओझं आपल्या डोक्यावरून उतरतं. पेमेंट कंपनीचे निरोप दोनदा येतात, कधी उलट क्रमाने येतात. निरोपाचा क्रमांक नोंदवून ठेवला आणि खरी स्थिती तिथूनच पुन्हा विचारून घेतली की गोंधळ होत नाही.

पावसाबद्दल माझी कल्पना अशी होती की हवामानाचा अंदाज घेऊन अ‍ॅपने आपणहून बुकिंग रद्द करावीत. मालकांनी साफ नकार दिला. "अंदाज चुकतो. आणि छताखालच्या गाड्यांना पावसाचं काय?" त्यांचं बरोबर होतं. आता त्यांच्या स्क्रीनवर 'पाऊस' असं बटण आहे. ते तास निवडतात. त्या तासांतल्या फक्त उघड्यावरच्या गाड्या यादीत येतात, आणि प्रत्येक ग्राहकाला त्याच्या ठिकाणाला जमणाऱ्या दोन नव्या वेळा जातात. तो एक निवडतो किंवा रद्द करतो. गाडी कुठे उभी आहे हे आधीच विचारलेलं असल्यामुळे हे बटण करायला दोन दिवस पुरले.

सगळं स्थिरावल्यावर मी त्यांची वही एकदा घरी नेऊन वाचली. काही पानांच्या समासात पेन्सिलने नावं लिहिलेली होती, वेळ नाही, गाडी नाही, फक्त नाव आणि वस्तीचं नाव. विचारलं तर म्हणाले, "हे त्या भागातले. त्यांना वेळ देता आली नव्हती. कोणी गळालं की यांना फोन करायचा."

शेवटी बांधलं ते हेच. वेळ न मिळालेल्या ग्राहकाला "जागा झाली तर कळवा" असं विचारतो, आणि एखादं बुकिंग रद्द झालं की थांबलेल्यांपैकी कोण त्या फटीत बसतं ते तपासतो. नवं गणित काहीच लागलं नाही, फटी तपासणारं फंक्शन तेच वापरलं. फक्त एक संदेश लिहावा लागला, आणि त्याचे शब्द मालकांनी सांगितले: "उद्या तुमच्या बाजूला येतोय, साडेनऊला चालेल?"